ल्वार नदीकाठचे गाड्यांविना सायकल रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात सायकल चालवायची आहे, पण गाड्यांच्या गर्दीत नाही, असं कळवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पुण्या-मुंबईचे सायकलस्वार त्यात आहेत, तसे जर्मनी, इंग्लंड, नेदरलँड्समध्ये राहणारे मराठी लोकही आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत न सांगता तिचा क्रमांक दिला आहे.

१. हा मार्ग नेमका कुठून कुठे जातो?

‘ल्वार आ वेलो’ या नावाचा हा मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे. नव्हेर शहराजवळच्या क्युफी गावात, जिथे आलिए नदी ल्वारला मिळते, तिथे तो सुरू होतो आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या सँ-ब्रव्हँ इथे संपतो. वाटेत सांसेर, ब्रिआर, सुली, ऑर्लेआँ, ब्लुआ, आँब्वाज, तूर, सोम्यूर, आँजे आणि नाँत लागतात. सुली ते शालोन या पट्ट्याला युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या लांब मार्गाचाही हा भाग असल्याने दोन्हींच्या पाट्या सोबतच दिसतात.

२. ‘गाड्यांविना’ म्हणजे खरंच एकही गाडी दिसत नाही का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या मार्गावर तीन प्रकारचे रस्ते एकामागून एक येत राहतात.

पहिला प्रकार ‘व्वा व्हेर्त’. फ्रेंच वाहतूक नियमांत याची स्वतंत्र व्याख्या आहे: मोटार नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला रस्ता. चौकोनी निळ्या पाटीवर त्यांची चित्रं असतात. इथे गाडी दिसलीच तर ती देखभालीची. तूर ते विलाँद्री हा शेर नदीकाठचा रस्ता किंवा कोंब्ल्योहून ऑर्लेआँकडे येणारी कालव्याकाठची वाट याची चांगली उदाहरणं आहेत.

दुसरा प्रकार बांधावरचा रस्ता. नदीला आवरण्यासाठी घातलेल्या मातीच्या उंच बांधांवरून मार्ग जातो आणि त्यावर बहुतेक वेळा फक्त तिथल्या रहिवाशांच्या आणि शेतकऱ्यांच्या गाड्यांना परवानगी असते. पाटीवर ‘सोफ रिव्हरँ’ असं लिहिलेलं असेल तर ‘रहिवासी वगळून इतरांना बंद’ असा अर्थ घ्यायचा. तासाभरात एखादा ट्रॅक्टर किंवा पोस्टाची छोटी व्हॅन येते, बाजूला व्हायचं, हात करायचा, पुढे निघायचं.

तिसरा प्रकार गावागावांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते. हे सगळ्यांना खुले आहेत, पण वाहतूक कमी म्हणून निवडलेले. मार्गाचा मोठा भाग अशा रस्त्यांचा आहे. सकाळी आठच्या आसपास आणि संध्याकाळी पाचनंतर कामावर जाणारी-येणारी मंडळी इथे वेगाने गाडी हाकतात, तेवढ्या वेळात सावध राहा.

म्हणून बेत आखताना किलोमीटर मोजण्याआधी रस्त्याचा प्रकार बघा. मार्गाच्या अधिकृत नकाशात गाड्यांपासून वेगळा रस्ता आणि सर्वांना खुला रस्ता वेगळ्या रंगांत दाखवलेला असतो. लहान मुलं बरोबर असतील तर सगळा बेत या रंगांवरूनच ठरवावा.

३. बांधावरून सायकल चालवण्यात एवढं विशेष काय आहे?

उंची. एका हाताला नदी, तिच्यातली वाळूची बेटं आणि उथळ प्रवाह. दुसऱ्या हाताला, तुमच्या पायांच्या खाली, शेतं आणि घरांची पाटीच्या दगडांची निळसर छपरं. साध्या काठावरून नदी अशी दिसत नाही.

बांधांचा इतिहासही जुना आहे. बाराव्या शतकापासून इथे पुराविरुद्ध मातीचे बांध घालत आले आणि पुढच्या शतकांत ते वाढवत नेले. तरी १८४६, १८५६ आणि १८६६ या तीन मोठ्या पुरांत ते ठिकठिकाणी फुटले. जुन्या गावांत घाटाजवळच्या भिंतींवर थांबून बघा: दगडात आडवी रेघ कोरलेली असते आणि शेजारी साल. काही ठिकाणी ही रेघ सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहे. बांध एवढे उंच का, हे तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं.

४. माझ्याकडे २५ मिलिमीटर टायरची रोड बाइक आहे. चालेल का?

तुकड्या-तुकड्याने चालेल, सलग सगळ्या मार्गावर त्रास होईल. डांबरी भाग उत्तम आहेत, पण मधेमधे दाबलेल्या चुनखडी-वाळूचा पृष्ठभाग येतो. कोरड्या हवेत तो कडक असतो. पाऊस पडून गेल्यावर मात्र पांढरा चिखल ब्रेकमध्ये आणि चेनवर बसतो. जुन्या गावांत घाटांजवळ गुळगुळीत दगडी फरसबंदीही आहे. किमान २८, शक्यतो ३२ मिलिमीटरचे टायर लावा आणि हवा थोडी कमी ठेवा. पॅनिअर, म्हणजे सायकलला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या, लावून जाणाऱ्यांनी ३५ च्या पुढे जायला हरकत नाही. वेगात काही फरक पडत नाही आणि हातांना बराच आराम मिळतो.

५. कोणत्या दिशेने जावं? प्रवाहाबरोबर जाणं सोपं ना?

बहुतेक जण याच विचाराने पूर्वेकडून समुद्राकडे जातात. पण क्युफीपाशी नदीची पातळी समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरपेक्षाही कमी आहे. तेवढा उतार शेकडो किलोमीटरवर पसरला की पायांना तो जाणवतही नाही. जाणवतो तो वारा, आणि तो बहुतांश वेळा अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. उघड्या बांधावर समोरचा वारा आला की आडोसा नावाला मिळत नाही.

मी विचारणाऱ्या प्रत्येकाला पश्चिमेकडून पूर्वेकडे जायला सांगतो: नाँतपर्यंत ट्रेनने जा आणि वारा पाठीवर घेऊन तूर, ब्लुआकडे या. समुद्र गाठून शेवट करायचा असा मनाचा हट्ट असेल तर पूर्वेकडून जरूर निघा. तो आनंदही खरा आहे. फक्त रोजचं अंतर दहा-पंधरा किलोमीटरने कमी धरा.

६. चढ अजिबात नाहीत का?

नदीकाठी जवळपास नाहीत. काठ सोडला की आहेत. सांसेर गाव टेकडीवर वसलं आहे आणि सँ-सातूरहून वर जाणारा रस्ता छोटा असला तरी चांगलाच दम काढतो. मोंसोरो आणि सोम्यूरच्या मधला मार्ग द्राक्षमळ्यांतून वर-खाली होतो. नाँतच्या अलीकडे शाँतोसो गावही उंचावर आहे. सामान असेल तर हलका गिअर हवा. मुंबई-पुण्याच्या माणसाला बोरघाटाची सवय असेल तर यातलं काहीच अवघड वाटणार नाही.

७. कोणत्या महिन्यात जावं?

मेचा उत्तरार्ध ते जून, किंवा सप्टेंबर. दिवस मोठे असतात आणि हवा बरी असते. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी चालू असते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते, खोल्या महाग होतात आणि अलीकडे उष्णतेच्या लाटा वारंवार येतात. बांधावर सावली नाही, त्यामुळे तशा दिवसांत सकाळी लवकर निघून दुपारी थांबणंच शहाणपणाचं. हिवाळ्यात आणि वसंतात नदी चढली की सखल भाग पाण्याखाली जातात, विशेषतः आँजेच्या आसपास. त्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

८. पाच-सहा दिवसच आहेत. कुठला भाग निवडू?

पहिल्यांदा जाणार असाल तर सोम्यूर ते ब्लुआ. दोन्हीकडे रेल्वे स्थानक आहे आणि खोऱ्यातलं सगळ्यात समृद्ध अंतर यातच येतं.

सोम्यूरहून निघालात की सूझे-शांपिन्यी इथे मार्ग चक्क खडकात शिरतो. इथला दगड म्हणजे ‘तुफो’, मऊ आणि पांढरट. शेकडो वर्षं तो खणून किल्ले आणि घरं बांधली आणि खणलेल्या पोकळ्यांत माणसं राहिली. त्या पोकळ घरांच्या मधल्या गल्लीतून तुम्ही सायकल ढकलत जाता. बाहेरच्या उन्हातून आत आलं की अंगावर गारवा येतो आणि भिंतीला बोट लावलं तर बोटाला पांढरी पूड लागते. तिथे सायकलवर बसू नका. वाट अरुंद आणि अंधारी आहे आणि समोरून माणसं येत असतात.

पुढे काँद-सँ-मार्तँला व्हिएन नदी ल्वारला मिळते. चर्चच्या वरच्या टेकडीवरून दोन नद्यांचं पाणी बराच वेळ शेजारी-शेजारी वाहताना दिसतं. संत मार्तँ यांचं निधन ३९७ साली याच गावात झालं, आणि ते तूरचे बिशप असल्यामुळे या पट्ट्यात त्यांचं नाव पावलोपावली भेटतं. मग विलाँद्रीच्या बागा, तूर, आणि त्यानंतर आँब्वाज, जिथे लिओनार्दो दा विंची यांनी शेवटची वर्षं काढली आणि १५१९ साली देह ठेवला. आँब्वाज ते ब्लुआ हे अंतर एका दिवसात आरामात होतं.

फक्त एकच दिवस असेल तर तूर ते विलाँद्री, सुमारे २० किलोमीटर. पुढे नदी ओलांडून लाँझे गाठा आणि तिथून ट्रेनने तूरला परत या.

९. शाँबोर आणि शनोंसो हे किल्ले वाटेवर आहेत का?

नेमके वाटेवर नाहीत. शाँबोर ल्वारपासून थोडा आत, जंगलात आहे. त्याच्याभोवती ३२ किलोमीटरची भिंत आणि आत ५,४४० हेक्टरचं वन आहे. ब्लुआच्या परिसरात किल्ल्यांना जोडणाऱ्या सायकल वाटांचं मोठं जाळं आहे आणि तिथून शाँबोरला जाऊन येणं एका दिवसाचं काम आहे. आतली झाडीतली वाट या सगळ्या परिसरातली सर्वांत शांत वाटांपैकी एक आहे.

शनोंसो शेर नदीवर आहे. आँब्वाजहून तिथे जाताना जंगलातला चढ-उताराचा रस्ता लागतो आणि त्यावर गाड्या असतात. मुलं बरोबर असतील तर तूरहून ट्रेनने जा. स्थानक किल्ल्याच्या अगदी शेजारी आहे.

१०. कोणते नियम पाळावे लागतात? हेल्मेट सक्तीचं आहे का?

सायकल उजवीकडून चालवायची, ही पहिली गोष्ट. आपल्याकडून गेलेला माणूस सरळ रस्त्यावर हे सांभाळतो. चुकतो तो थांबा घेऊन पुन्हा निघताना आणि रिकाम्या चौकात वळताना. निघताना दर वेळी एकमेकांना मोठ्याने आठवण करून द्या. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, अगदी बारीक गल्लीतून आला तरी.

हेल्मेट १२ वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं आहे, मागे बसलेल्या मुलालाही. मोठ्यांना सक्ती नाही, तरी घालाच. घंटी, दोन ब्रेक, पुढे-मागे दिवे आणि रिफ्लेक्टर लागतात. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट हवं. कानात इयरफोन किंवा हातात फोन घेऊन चालवल्यास दंड होतो. दारू पिऊन गाडी चालवण्याचा नियम सायकललाही लागू आहे. व्हुव्रेच्या द्राक्षमळ्यांत वाइनची चव घेत फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

११. मला वेगात चालवायचं आहे. ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडसाठी) सरावही होईल का?

व्वा व्हेर्तवर नको. तिथे आजी-आजोबा, कुत्र्यांना फिरवणारे, तीन चाकी सायकलवरची पोरं असतात आणि पायी चालणाऱ्यांना आधी वाट द्यावी लागते. वेगात जाणारा सायकलस्वार तिथे गाडीइतकाच त्रासदायक ठरतो. वेग हवा असेल तर काठापासून दूर, सोलोन्यच्या सपाट जंगलातले छोटे रस्ते घ्या. तूर ते आँजे उत्तर काठाने जाणारा डी ९५२ हा रस्ता नकाशावर मोहक दिसतो, पण त्यावर गाड्या भरधाव जातात. तो टाळा.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या ब्रेव्हेसाठी महाराष्ट्रातून जाणारे काही जण त्या राइडनंतर आठवडाभर ल्वारकाठी घालवायचं ठरवतात. चांगला बेत आहे. बाराशे किलोमीटर झाल्यावर पायांना सपाट रस्ता आणि कमी अंतर हवंच असतं. पॅरिसच्या ऑस्तर्लित्झ स्थानकातून ऑर्लेआँ साधारण तासाभरावर आहे.

१२. आईवडील साठीच्या पुढचे आहेत. ई-सायकल चालते का?

चालते. ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंत मदत करणारी आणि २५० वॉटची मोटार असलेली ई-सायकल कायद्याने साधी सायकलच मानली जाते, त्यामुळे व्वा व्हेर्तवरही नेता येते. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या वेगवान प्रकाराला तिथे बंदी आहे. भारतातून स्वतःची ई-सायकल नेण्याचा विचार सोडा. तिची बॅटरी प्रवासी विमानात चालणाऱ्या १६० वॉट-तासांच्या मर्यादेत बसत नाही. मोठ्या शहरांत भाड्याने मिळतात आणि काही ठिकाणी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करता येतात. भाड्याने घेताना बॅटरी खोलीत काढून नेता येते का, हे विचारा. जुन्या इमारतींत सायकल ठेवायची जागा तळघरात असते आणि तिथे प्लग नसतो.

१३. ट्रेनमध्ये सायकल नेता येते का?

प्रादेशिक गाड्यांत नेता येते. उन्हाळ्यात ऑर्लेआँ ते नाँत या मार्गावर सायकलींसाठी जास्त जागा ठेवलेल्या गाड्या सोडतात. काही गाड्यांत सायकलची जागा आधी राखावी लागते आणि नियम मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच बघा. वेगवान टीजीव्हीत सायकलची वेगळी जागा सगळ्या गाड्यांना नसते. चाकं काढून पिशवीत भरली तर ती सामान म्हणून जाते.

१४. ‘रूत बारे’ अशी पाटी लागली तर पुढे जावं का?

नाही. रस्ता बंद, असा तिचा अर्थ. कारण बांधाची दुरुस्ती असू शकतं किंवा पूर. पिवळी ‘देव्हियास्यों’ पाटी वळणवाट दाखवते, पण ती बऱ्याचदा गाड्यांसाठी असते आणि तुम्हाला मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडते. अशा वेळी नकाशात दुसऱ्या काठावर नेणारा पूल शोधा. पूर ओसरला तरी वाटेवर गाळाचा निसरडा थर राहतो. सायकल त्यावर क्षणात घसरते, म्हणून उतरून ढकला. मार्गाच्या अधिकृत संकेतस्थळावर बंद भागांची यादी असते, ती आदल्या रात्री बघून ठेवा.

१५. नदी इतकी उथळ दिसते. पोहलं तर चालेल ना? वाळूच्या बेटावर जाता येईल का?

कृपया उतरू नका. वर शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ जबरदस्त असते आणि वाळू सतत जागा बदलते. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते आणि पुढच्याच पावलाला खोल खड्डा असतो. बहुतेक ठिकाणी पोहण्यास बंदी आहे. दरवर्षी उन्हाळ्यात इथे माणसं बुडतात.

बेटांबद्दल आणखी एक गोष्ट. वसंत ते ऑगस्टपर्यंत उघड्या वाळूवर सुरय पक्षी अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. अशा बेटांवर तेवढ्या काळात जायला मनाई असते. काठावरून दुर्बिणीने बघा, पिल्लांना मासे भरवताना छान दिसतात.

१६. राहण्याची, शाकाहारी जेवणाची आणि पाण्याची सोय कशी होते?

‘आक्य वेलो’ ही पाटी असलेली हॉटेलं, घरगुती खोल्या आणि तंबूच्या जागा शोधा. त्या सायकल मार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असतात आणि तिथे सायकल कुलुपात ठेवायची जागा आणि दुरुस्तीची हत्यारं मिळतात. गावोगावच्या नगरपालिकांच्या तंबूच्या जागा स्वच्छ आणि स्वस्त असतात.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण वेळा सांभाळाव्या लागतात. दुपारचं जेवण बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारी आणि सोमवारी छोट्या गावांत दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच ब्रेड, फळं, चीज घेऊन ठेवा. सांसेरजवळचं शाव्हिन्योल आणि तूरच्या बाजूचं सँत-मोर ही शेळीच्या दुधाची चीज जरूर खा. मात्र बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. ते चालत नसेल तर दुकानात विचारा. सॅलडवर न सांगता खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, तेव्हा ‘साँ व्हिआंद, साँ लार्दों’ (मांस नको, ते तुकडेही नकोत) असं आधीच सांगावं.

पाण्यासाठी गावातलं कब्रस्तान गाठा. फाटकाजवळ नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नका.

१७. ब्रिआरच्या कालवापुलावरून सायकल चालवता येते का?

हा पूल म्हणजे ल्वारच्या वरून जाणारा कालवा, १८९६ साली सुरू झालेला, ६६२ मीटर लांब. दोन्ही बाजूंना पायवाट आहे, पण अरुंद. सायकल ढकलतच जा. खाली नदी आणि शेजारी तुमच्याच पातळीवर चाललेली नाव, हे चालत बघण्यासारखंच आहे.

१८. नाँतनंतर नदी ओलांडायची असेल तर?

ल पेलरँ आणि कुएरों यांच्यामध्ये फेरीबोट आहे, सायकलस्वारांना फुकट. दक्षिण काठाने गेलात तर मार्तिनिएर कालव्याकाठी लांब, शांत, सपाट वाट मिळते. समुद्राकडच्या भागातला माझा सर्वांत आवडता तुकडा हाच.

१९. सँ-ब्रव्हँला पोहोचलो, आता परत कसं जायचं?

इथेच अनेक जण अडकतात, कारण सँ-ब्रव्हँला रेल्वे स्थानक नाही. समोरच्या काठावर सँ-नाझेरला स्थानक आहे, पण मधल्या तीन किलोमीटरहून लांब पुलावर ट्रक, प्रचंड वारा आणि मोठा चढ आहे. तो सायकलने ओलांडू नका. उन्हाळ्यात पुलावरून सायकली नेणारी शटल बस असते. तिच्या वेळा गावातल्या पर्यटन कार्यालयात आदल्या दिवशीच विचारा. दुसरा उपाय म्हणजे किनाऱ्याने दक्षिणेला जाणारा ‘व्हेलोदिसे’ मार्ग धरून पोर्निक गाठणं. तिथून नाँतला ट्रेन आहे. शेवटच्या दिवशी पॅरिसहून विमान असेल तर सँ-ब्रव्हँहून आदल्या दिवशी दुपारपर्यंत निघालेलं बरं.